रॉकेलने सुटलेला मळ गेला कुठे? इंदिरानगरमधल्या एका इंजिनाचं प्रकरण

काकांचा फोन आला तेव्हा मी नाशिकमध्ये, अंबडला कंपनीत होतो. "अरे, किटलीच्या चित्राचा लाल दिवा लागलाय. पपया नर्सरीच्या पुढे आलोय, त्र्यंबक रोडला. मघाशी वेगात असताना लुकलुकला, हळू केली तर गेला, आता परत लागलाय."

"काका, चावी बंद करा. आत्ता. बाजूला ढकलून घ्या, पण परत सेल्फ मारू नका."

त्यांनी लगेच बंद केली. इंजिन वाचलं ते त्या एका मिनिटामुळे, असं मी आजही मानतो. ऑइलच्या दाबाचा दिवा पेट्रोलच्या दिव्यासारखा आगाऊ सूचना देत नाही. बहुतेक गाड्यांत त्याचा स्विच 0.3 ते 0.5 बारच्या आसपास दिवा लावतो, म्हणजे चार ते सात पीएसआय (दाबाचं दुसरं माप). गरम इंजिनाला चालताना याच्या कितीतरी पट दाब लागतो. दिवा दिसतो तेव्हा बेअरिंगपर्यंत ऑइल पोचणं जवळजवळ थांबलेलं असतं. "घर जवळच आहे, हळूहळू नेतो" म्हणून क्रँक घासून बसलेली इंजिनं मी पाहिली आहेत.

गाडी टोचन लावून इंदिरानगरला आणली. पुढचे चार दिवस आम्ही दोघांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जे पाहिलं आणि केलं, ते सविस्तर लिहितोय. घरच्या घरी इंजिन साफ करायचे उपाय सगळीकडे सांगितले जातात, पण साफ झालेली घाण पुढे कुठे जाते ते फारसं कोणी सांगत नाही.

गाडी आणि तिचं चालणं

2012 ची पेट्रोल हॅचबॅक, 1.2 लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, मीटरवर 61 हजार किलोमीटर. काका बँकेतून निवृत्त झालेले, गाडी जपणारे, आठवड्यातून दोनदा पुसणारे. नातवाला सकाळी शाळेत सोडायचं, परत यायचं, दुपारी आणायचं, संध्याकाळी कधी मुंबई नाका तर कधी भाजीबाजार. एक फेरी चार किलोमीटरच्या आत. वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर होत होते.

सर्व्हिसच्या पुस्तकात ऑइल बदलायची मुदत लिहिली होती: दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. काकांनी दहा हजार धरले. त्या हिशेबाने त्यांचं ऑइल अजून "नवं" होतं, कारण 8,700 किलोमीटरच झाले होते. फक्त त्या किलोमीटरना तीन वर्षं लागली होती.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो, त्याचं हे पाणी. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं; थंडीत सकाळी सायलेन्सरमधून थेंब पडताना सगळ्यांनी पाहिलेत. पण थोडी वाफ, न जळलेलं पेट्रोल आणि आम्लधर्मी वायू पिस्टनच्या रिंगांशेजारून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात उतरतात. इंजिन नीट तापलं आणि बराच वेळ तापलेलं राहिलं, तर ते पुन्हा उडून जातात. चार किलोमीटरच्या फेरीत ते होत नाही. पाण्याचा काटा मध्यावर आला तरी ऑइल तितकं तापायला आणखी वेळ लागतो, आणि तोवर काकांची गाडी शाळेच्या दारात बंद झालेली असायची. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा तर विचारूच नका. पाणी, पेट्रोल, काजळी आणि जुनं झालेलं ऑइल एकत्र येऊन जे होतं, तो मळ. गॅरेजवाले त्याला स्लज म्हणतात.

ऑइल काळं झालं म्हणजे मळ झाला, असं मात्र नाही. चांगल्या ऑइलमध्ये काजळी धरून ठेवणारी द्रव्यं मिसळलेली असतात आणि ती काम करतात म्हणूनच ऑइल काळं दिसतं. ती संपली, की काजळी ऑइल सोडून लोखंडावर बसायला लागते. चिंता खरी तेव्हा करायची.

रविवारचा प्रयोग

नोव्हेंबरपासून काकांना तीन गोष्टी जाणवत होत्या. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर चारपाच सेकंद टकटक. पिकअप कमी. अॅव्हरेज सोळावरून बारावर. त्यांनी ऑइलचं झाकण उघडून पाहिलं, तर आतल्या बाजूला दुधाळ कॉफीच्या रंगाचा साका आणि त्याखाली काळी, चकचकीत पुटं.

जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "रॉकेल घालून धुतलं तर? व्हिडिओत दाखवतात." मी घाईत होतो. "थांबा काका, रविवारी बघू," म्हणालो आणि त्या रविवारी सिन्नरला लग्नाला गेलो. तिथेच दोन मिनिटं थांबून सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं. याची मला मनापासून खंत आहे.

त्यांनी भाच्याला घेऊन काम उरकलं. जुन्या ऑइलमध्येच एक लिटर रॉकेल ओतलं, वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं, मधून मधून रेस दिली, मग ड्रेन बोल्ट काढला. डांबरासारखं काळं पाणी धो-धो आलं. दोघंही खूश. नवीन फिल्टर लावला, नवीन ऑइल भरलं. दोन दिवस गाडी खरोखर मऊ चालली, टकटकही गेली. तिसऱ्या दिवशी त्र्यंबकला जाताना दिवा लागला.

रॉकेल-डिझेलने इंजिन धुवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि तिच्या जागी ती बरोबरही आहे. जुन्या जीपचं, ट्रॅक्टरचं इंजिन खोललं की सुटे भाग रॉकेलच्या ट्रेमध्ये ब्रशने धुतात. तिथे घाण ट्रेमध्ये पडते आणि ट्रे ओतून देता येतो. चालत्या, न खोललेल्या इंजिनात तेच रॉकेल घातलं की दोन गोष्टी बदलतात.

पहिली म्हणजे वंगण. 5डब्ल्यू-30 ऑइलची दाटी 100 अंशांनाही 9.3 सेंटिस्टोकच्या खाली जाऊ द्यायची नाही असा नियम आहे. रॉकेलची दाटी 40 अंशांनाच दोनच्या खाली असते. बेअरिंग आणि क्रँकमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी, केसापेक्षा बारीक. ती फट ऑइलचा थर सांभाळतो. त्यात एक लिटर रॉकेल घालून रेस द्यायची म्हणजे लोखंडावर लोखंड घासायला बोलावणं. त्यात रॉकेल 40 अंशांच्या आसपासच पेट घेण्याइतकी वाफ सोडायला लागतं, आणि तापलेल्या इंजिनाचं ऑइल त्याच्या दुप्पट तापमानाला असतं. बंद चेंबरमध्ये तशी वाफ भरून ठेवणं मला कधीच पटलेलं नाही.

दुसरी गोष्ट काकांच्या गाडीत घडली. मऊ मळ रॉकेलमध्ये विरघळतो, पण कडक झालेली पुटं विरघळत नाहीत. त्यांच्याखालचा चिकट थर सुटतो आणि ती खपल्या होऊन मोकळी होतात. ड्रेन बोल्टच्या भोकातून पातळ ते बाहेर येतं. खपल्या चेंबरच्या तळाला, कोपऱ्यात, आडव्या पत्र्यांवर राहतात. ऑइल काढलं तरी बोल्टच्या पातळीखाली थोडं उरतंच, त्यात रॉकेलही उरतं. नवीन ऑइल भरून पंप चालू झाला की तो सगळ्यात आधी तळाकडूनच ओढतो.

मीटर लावून पाहिलं ते

डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेपर्यंत होतं. म्हणजे ऑइल कमी नव्हतं. नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या एका ओळखीच्या गॅरेजमधून ऑइलचा दाब मोजायचं काट्याचं मीटर आणलं, दिव्याचा स्विच काढला आणि त्याच चुडीत मीटर बसवलं. दिवा फक्त आहे किंवा नाही एवढंच सांगतो, मीटर पूर्ण गोष्ट सांगतो.

थंड इंजिन चालू केलं. काटा झटकन 45 पीएसआयला गेला. काका म्हणाले, "बघ, चांगला आहे की." मी रेस हळूहळू मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांपर्यंत नेली. दाब वाढायला हवा होता. दीड मिनिटाने काटा थरथरायला लागला, 30, 22, आणि 15 च्या खाली आला तेव्हा मी बंद केलं. वीस मिनिटं चहा घेऊन परत चालू केलं, तर पुन्हा 45.

या चाचणीवर मी जरा रेंगाळतो, कारण निदान इथेच झालं. बेअरिंग झिजली असती तर दाब गरम इंजिनात, स्लोला (रेस न देता) कमी दिसला असता आणि रेस दिल्यावर वाढला असता. इथे उलट होतं: रेस वाढली, ओढ वाढली, की दाब पडत होता आणि थोडी विश्रांती मिळाली की पूर्ववत होत होता. पंपाच्या तोंडाशी जी जाळी असते तिला काहीतरी चिकटत होतं आणि पंप थांबला की खाली गळत होतं. पाण्याच्या मोटरच्या फूट व्हॉल्व्हला पालापाचोळा अडकला की मोटर अशीच वागते. दिंडोरीकडच्या कुठल्याही बागायतदाराला हे समजावून सांगायची गरज नाही.

काकांचा पहिला प्रश्न होता, "आता फ्लशचा डबा घालूया का? दुकानात मिळतो, पाचदहा मिनिटं चालवून काढायचा." फ्लशचं औषध रॉकेलपेक्षा नक्कीच बरं, त्यात वंगण सांभाळायचा विचार केलेला असतो. पण ते करतं तेच, मळ सोडवतं. ज्या इंजिनात सुटलेला मळ आधीच जाळीत जाऊन बसलाय, तिथे आणखी सोडवून काय मिळणार? मी स्पष्ट नाही म्हटलं. माझं मत असं झालंय: ज्या इंजिनात झाकणाखाली नुसता तपकिरी रंग चढलाय, तिथे फ्लश चालतो पण त्याची फारशी गरज नसते, ज्यात बोटाला जाड पूट लागतं, तिथे चेंबर उतरवायची तयारी नसेल तर फ्लश घालूच नये.

आधी पिस्टन, मग चेंबर

चेंबर उतरवणारच होतो, म्हणून वरचं काम आधी घेतलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. वरून जे काही ओताल ते शेवटी चेंबरमध्येच उतरतं.

चारही प्लग काढले. तिसरा ऑइलने ओला आणि काळा. काम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन हवा किती दाबतो ते, पीएसआयमध्ये मोजलं: 165, 160, 130, 162. इंजिन थंड होतं, त्यामुळे हे आकडे पुस्तकातल्या आकड्यांशी ताडायचे नाहीत, एकमेकांशी ताडायचे. तिसऱ्यात चमचाभर ऑइल घालून परत मोजलं तर 155. ऑइलने फट बुजली आणि दाब वाढला, म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नाही, रिंगांचा. कार्बनने रिंग खाचेत जाम झाली असणार.

प्रत्येक सिलिंडरमध्ये कार्बन विरघळवायचं औषध ओतलं, साधारण 30 मिलिलिटर, चारही पिस्टन मध्यावर येतील असं इंजिन पान्ह्याने फिरवून, म्हणजे एकही पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली नको. भोकांवर स्वच्छ फडकी ठेवून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी तिसऱ्यातलं औषध जवळजवळ सगळं खाली झिरपलं होतं, बाकीच्यांत थोडं शिल्लक होतं. उरलेलं सिरिंजला नळी लावून ओढून काढलं, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, कॉइलच्या वायरी सोडवल्या, भोकांवर जाड फडकं टाकलं आणि प्लग न लावता सेल्फ मारला. फडकं चहाच्या चोथ्यासारखं भरलं.

प्लग न लावता, हे मी काकांना तीनदा सांगितलं आणि इथेही सांगतो. द्रव दाबला जात नाही. सिलिंडरमध्ये ते राहिलं आणि प्लग लावून सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन चालू ठेवून व्हॅक्यूमच्या नळीतून पाणी ओढू द्यायची जी युक्ती दाखवतात, तिच्यात हाच धोका आहे. पाण्याच्या वाफेने पिस्टनवरचा कार्बन सुटतो हे खरं. थेंबाथेंबाने गेलं तर ठीक, हात निसटून घोटभर गेलं तर इंजिन गेलं. ती आम्ही केली नाही.

चेंबर

रविवारी सकाळी गाडी जॅकवर घेऊन चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणी शिरू नये, कितीही मोठा जॅक असो. ऑइल काढलं, तीन दिवसांचं "नवं" ऑइल काळं ठिक्कर होतं आणि त्याला रॉकेलचा वास येत होता. सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडवला, मग चेंबरचे दहाचे बोल्ट. सिलिकॉनने चिकटलेलं चेंबर पातळ पट्टी सरकवत हळूहळू सोडवलं.

दूध करपल्यावर पातेल्याच्या बुडाला खरवड बसते, तशी तळाला काळी खरवड होती. कोपऱ्यांत मऊ, बोटाने काढता येईल असा काळा शिरा. आणि त्या दोन्हींवर विखुरलेल्या खपल्या, नखाएवढ्या, एका बाजूने चकचकीत आणि दुसऱ्या बाजूने खडबडीत. एक बोटांत धरून चुरडली, तर करपलेल्या पापडासारखी मोडली.

पंपाची जाळी टॉर्च मारून काकांना दाखवली. जाळीचा दोनतृतीयांश भाग याच खपल्यांनी झाकलेला होता. एक खपली जाळीवर इतकी सपाट बसली होती की कुणी मुद्दाम चिकटवल्यासारखी. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "एवढं निघालं म्हणून मी खूश झालो होतो रे. निघालं ते पाणी. हे इथेच होतं."

जाळी पाइपसकट काढून आता मात्र रॉकेलच्याच ट्रेमध्ये, दाताच्या जुन्या ब्रशने धुतली. प्रकाशासमोर धरून एकेक छिद्र पाहिलं. पाइपच्या तोंडाची रबरी रिंग कडक झाली होती, ती नवीन घातली. ती फाटलेली राहिली तर पंप ऑइलऐवजी हवा ओढतो आणि तोच दिवा पुन्हा लागतो.

वर टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण उघडलं. कॅमच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत बोटभर मळ. इथे मोह होतो तो स्प्रे मारून सगळं खाली वाहवून द्यायचा. आम्ही उलट केलं. ऑइल खाली उतरायची सगळी भोकं आधी फडक्याच्या बोळ्यांनी बंद केली, बोळे मोजले, नऊ, आणि आकडा कव्हरवर खडूने लिहिला. मग आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांनी मळ खरवडून चमच्याने बाहेर. लोखंडी ब्रश नाही, त्याचे केस तुटून आत पडतात. बारीक कण व्हॅक्यूम क्लीनरला पातळ नळी लावून ओढले, पण हे कोरडे कण असतानाच. पेट्रोल किंवा स्प्रे वापरल्यावर व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही, मोटरच्या ठिणगीने भडका उडतो. पाच तास गेले. शेवटी बोळे काढून मोजले, नऊ.

चेंबर परत लावताना सिलिकॉनची वात पातळ ओढली. जाड ओढली की आतल्या बाजूला फुगून वाळते, तुटते, आणि त्याच जाळीत जाऊन अडकते. रात्रभर वाळू दिलं, मग ऑइल.

मळ झाला कशामुळे

एवढ्यावर थांबलो असतो तर दोन वर्षांत परत तेच झालं असतं. छोट्या फेऱ्या हे एक कारण होतं. पण छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्या नाशिकमध्ये हजारो आहेत, सगळ्यांची अशी अवस्था होत नाही.

चेंबरमधले वायू परत इंजिनात ओढून जाळायची एक वाट असते, पीसीव्ही व्हॉल्व्ह. तो काढून कानाशी हलवला. चांगला असेल तर आत खुळखुळतो. हा मुका होता, डिंकासारख्या थराने जाम. म्हणजे ती सगळी वाफ आतच कोंडत होती. नवीन बसवला, हा भाग स्वस्त आहे, साफ करत बसू नये.

दुसरं कारण मला योगायोगाने सापडलं. इंजिन चालू केल्यावर रेडिएटरची वरची नळी हाताने चाचपली, तर पहिल्या मिनिटापासून कोमट. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह, जाग्यावर असेल तर ती नळी बराच वेळ थंड राहते आणि 80 अंशांच्या पुढे व्हॉल्व्ह उघडला की एकदम तापते. मी काकांना विचारलं, गाडी कधी गरम झाली होती का? त्यांनी आठवून सांगितलं, चार वर्षांपूर्वी मे महिन्यात मालेगावला जाताना वाफ निघाली होती. रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने "आपल्या हवेत याची गरज नाही, काका" म्हणून एक व्हॉल्व्ह काढून हातात दिला होता. तो अजून डिकीत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता.

हे आपल्याकडे सर्रास होतं आणि मला त्याचा फार त्रास होतो. थर्मोस्टॅट काढला की गाडी गरम व्हायची तक्रार मिटल्यासारखी वाटते. पण रेडिएटरचं पाणी पहिल्या क्षणापासून फिरत राहतं, इंजिन वेळेवर तापत नाही, थंड इंजिनासाठी कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि ते पेट्रोल रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं. काकांचं अॅव्हरेज बारावर आलं होतं, त्याचाही धागा इथेच होता. चार वर्षं ती गाडी रोज अर्धवट तापून बंद होत होती. नवीन थर्मोस्टॅट, नवीन कूलंट.

साक्याचा रंग पाहून हेड गॅस्केट (कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारं इंजिनाचं पॅकिंग) गेलं असेल अशी शंका येतेच, ती मलाही आली होती. पण कूलंटची पातळी हललेली नव्हती, त्यावर ऑइलचा तवंग नव्हता, गरम झाल्यावर पांढरा धूर नव्हता. हे तिन्ही तपासल्याशिवाय झाकणाखालच्या पांढऱ्या साक्यावरून कोणी हेड खोलायला सांगितलं तर लगेच हो म्हणू नये.

पुढचे तीन फिल्टर

ऑइल पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं घातलं, 5डब्ल्यू-30, एपीआय एसपी दर्जाचं. दाट ऑइल घातलं की आवाज दबतो आणि दाब चढा दिसतो, म्हणून बरेच जण तेच सुचवतात. मळ असलेल्या इंजिनात पातळ, चांगल्या दर्जाचं ऑइल हवं. त्यातली साफ करणारी द्रव्यं उरलेला थर महिनोन् महिने, हळूहळू उतरवतात आणि तो बारीक होऊन फिल्टरमध्ये जातो. घरगुती उपायांत माझा सगळ्यात जास्त विश्वास यावरच आहे: लवकर लवकर ऑइल बदलणं.

पहिला बदल 500 किलोमीटरवर. फिल्टर पत्र्याच्या कात्रीने उघडला. हॅकसॉने कापला तर लोखंडाचा कीस आत पडतो आणि इंजिन झिजल्याचा भास होतो. कागदाच्या घड्या वर्तमानपत्रावर पसरल्या: काळ्या रेतीसारखे कण, मूठभर नाहीत, पण सगळीकडे. चुंबक फिरवलं, काही चिकटलं नाही. दुसरा बदल 1,500 किलोमीटरवर, कण तुरळक. तिसरा 3,000 वर, घड्या काळपट पण स्वच्छ.

या दरम्यान थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) काढून फडक्याने पुसली, आत स्प्रे न मारता. पेट्रोलमध्ये पॉलिइथरअमीन असलेलं इंजेक्टर क्लीनर दोन टाक्यांना घातलं, दोन्ही वेळा ऑइल बदलायच्या आधीच्या टाकीला, कारण त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. या गाडीत पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, म्हणून ते व्हॉल्व्हपर्यंत पोचतं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या नव्या इंजिनांत ते व्हॉल्व्हच्या पाठीला लागतच नाही, तिथे ही बाटली घालून व्हॉल्व्ह साफ होतील अशी आशा धरू नये.

दर पंधरा दिवसांनी काका-काकू आता इगतपुरीपर्यंत जाऊन येतात. नाशिकपासून साधारण 45 किलोमीटर, मोकळा महामार्ग, तीन हजारांच्या आसपास फेरे ठेवून. ऑइल नीट तापतं आणि त्यातलं पाणी उडून जातं. काकूंना हा उपाय सगळ्यात जास्त आवडलाय.

जुनं ऑइल सगळं मिळून चौदा लिटर निघालं. ते कॅनमध्ये साठवून, वापरलेलं ऑइल अधिकृतपणे गोळा करणाऱ्याकडे दिलं. शेजारच्या एकाने वाळवीसाठी मागितलं होतं, दुसऱ्याने "नाल्यात सोडून द्या" म्हटलं. इंदिरानगरचे नाले नासर्डीला मिळतात आणि नासर्डी गोदावरीला. रॉकेलचा ट्रेही त्याच कॅनमध्ये ओतला.

आता गरम इंजिनाचा दाब स्लोला 18 आणि अडीच हजारांवर 42 पीएसआय आहे, आणि तो तिथे टिकतो. सकाळची टकटक एखाद्या सेकंदाची. अॅव्हरेज पंधरावर. तिसऱ्या सिलिंडरचं काम्प्रेशन 148 पर्यंत आलं, पुढे सरकलं नाही. ती रिंग पूर्ण सुटलेली नाही. हजार किलोमीटरला दीडशे मिलिलिटरच्या आसपास ऑइल लागतं, ते काका डिपस्टिक बघून घालतात आणि बँकेच्या सवयीने तारीख, किलोमीटर आणि आकडा वहीत लिहितात. जानेवारीत एका पहाटे त्यांनी झाकण उघडून मला वर हाक मारली. आतल्या बाजूला पातळसा पांढरा ओलावा होता. त्यांनी बोटाने पुसला, खालचा पत्रा स्वच्छ दिसला, आणि त्यांनी कूलंटची बाटलीही बघून घेतली.